फिटलेलें खत आणि धर्माचे दलाल

येशूच्या रक्तानें आमच्या पापांचें क्षालन झालें, असें ख्रिस्ती लोक म्हणतात. तें ऐकून आमचे शास्त्रीबोवा नाक मुरडतात. पण त्याचें मर्म काय, हें कुणब्या-सुताराच्या घरीं कोणी सांगत नाहीं. म्हणून आम्ही सांगतों.

यहुद्यांच्या शास्त्राप्रमाणें प्राण रक्तांत असतो. म्हणून यरुशलेमच्या मंदिराचा मुख्य याजक वर्षांतून एकदां, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, गोऱ्ह्याचें व बोकडाचें रक्त घेऊन पडद्याआड जाई. इतरांस तेथें मज्जाव! दर वर्षीं नवें पाप, नवा बोकड! बायबलांतील इब्री लोकांस लिहिलेलें पत्र सांगतें कीं, येशूनें स्वतःचेंच रक्त एकदां व कायमचें दिलें. आतां दुसरा बळी नको. तो मेला तेव्हां मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असें मत्तय लिहितो. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर खत फिटलें, पावती हातीं आली.

मग फिटलेल्या खतावर पुन्हां वसुली करणारा कोण? तोही निघालाच! १५१७ सालीं टेट्झेल नांवाचा मठवासी जर्मनींत पापाच्या शिक्षेचीं माफीपत्रें विकत फिरला. अर्धा गल्ला रोमच्या सेंट पीटर देवळास. अर्धा माइन्झच्या आर्चबिशपानें आपल्या पदासाठीं फुग्गर सावकाराकडून काढलेलें कर्ज फेडण्यास! मार्टिन ल्यूथरनें ९५ कलमें लिहून जाब विचारला. अखेर १५६७ सालीं पोपनेंच हा पैशाचा व्यवहार बंद केला.

‘येशूनें रक्त दिलें, आतां आम्ही मोकळे’ असें म्हणणाऱ्यांसही आमचा सवाल आहे. जकातदार जक्कय येशूस भेटला तेव्हां त्यानें अर्धें धन गरिबांस देऊं केलें, व ज्यास लुबाडलें त्यास चौपट परत करीन म्हटलें. त्यावर येशू म्हणाला, आज या घरास तारण लाभलें. तुमच्या हिशेबीं ही चौपट परतफेड कोठें आहे?

आम्ही ख्रिस्ती नाहीं, व कोणीं व्हावें असेंही सांगत नाहीं. एकाच्या रक्तानें दुसऱ्याचें पाप धुतलें जातें, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. पण निर्मिक व मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको, हें जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून आम्हांस शिकविलें. तोच धडा त्या फाटलेल्या पडद्यांत आहे. तेव्हां बंधुभगिनींनो, ज्याचा बांध कोरला त्याचा त्यास सोडा, ज्या विधवेचें बुडविलें तिचें तिला द्या. हेंच प्रायश्चित्त! बाकी रुपयानें भटजीची थैली भरेल, पाद्र्याची पेटी भरेल. पाप जागचें हलणार नाहीं.