चढण माफ, उतरण वसूल

सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी जिन्याचा कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरताना दिसलं, की मी ओळखते : स्वारी रविवारी कळसूबाईला जाऊन आली! 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. फोटो झकास येतात. बिल मात्र सोमवारी येतं आणि मंगळवारी व्याजासकट.

गंमत म्हणजे शिव्या आपण चढणीला घालतो. चढताना धाप लागते, कबूल. पण मांड्यांची खरी वाट लावते ती उतरण. खाली येताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराला ब्रेकही लावत असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पायांना ही सवय कुठली? स्नायूंचे तंतू अगदी सूक्ष्म प्रमाणात दुखावतात, मग सूज, मग ठणका. एक ते तीन दिवसांत दुखणं टिपेला जातं आणि आठवडाभरात विरतं. आपण म्हणतो, अंग आंबलंय. शब्द इतका चपखल, की जिममधला ट्रेनर 'लॅक्टिक ॲसिड साचलंय' म्हणाला की लगेच पटतं. पण ते बिचारं तास-दोन तासांतच ओसरलेलं असतं. मंगळवारच्या ठणक्याचं खापर त्याच्यावर नको.

मग करायचं काय? मुख्य म्हणजे लोळत पडायचं नाही. जेवणानंतर वीस मिनिटं रमतगमत चाला. पहिली पाच मिनिटं नको होतील, मग पाय सुटतात. गरम पाण्याची आंघोळ, हलक्या हातानं तेल, पोटभर वरणभात आणि चक्क आठ तास झोप. आजीच्या तेलाची थट्टा करू नका, मालिशनं खरंच थोडा उतार पडतो. उलट ज्या स्ट्रेचिंगचा एवढा गाजावाजा, त्याचा या दुखण्यावर जेमतेमच उपयोग होतो, असं 2011 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं.

एका बाबतीत मात्र मी हटवादी आहे. ट्रेकहून येताना, पोटात अन्न नाही, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, अशा वेळी पेनकिलर घेऊ नका. किडनीवर ताण येतो. आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा दुखण्याबरोबर स्नायू सुजून पायातली ताकदच गेली, तर तेलाची बाटली ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू जास्तच तुटले, की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून किडनी निकामी करू शकतात. इथे 'बघू उद्या' चालत नाही. एकाच पोटरीत दुखून सूज आली, तरीही डॉक्टरच.

बाकी सगळ्यांसाठी खूशखबर! एकदा ठणकलेले स्नायू पुढचे काही आठवडे तीच उतरण बऱ्याच सहजपणे झेलतात. तेव्हा पुढचा ट्रेक दिवाळीवर ढकलू नका. ठणका गेला की याच महिन्यात राजगड उरकून घ्या.