भोक पाडण्याआधी

मिरामारच्या वाळूत भोक असलेली शिंपली सापडली की आपण खूश होतो. दोरा ओवायला तयारच! ते भोक कुणी पाडलं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. वाटीसारखा उतरता काठ असलेलं गोल भोक बहुधा एका शिकारी समुद्री गोगलगायीचं असतं. ऑक्टोपसचं भोक त्याहून खूप बारीक, कित्येकदा मिलिमीटरभरही नाही. ते चटकन दिसतच नाही.

मागे आपल्याच मंडळात एका भाषणात ऐकलं: 'ऑक्टोपसकडून चिकाटी शिका. कवच कितीही कठीण असो, तो कोरत राहतो.' टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

ऑक्टोपस आधी कोरत नाही, आधी ओढतो. शिंपल्याची दोन्ही झाकणं चूषकांनी पकडून ताकदीने फाकवतो. जमलं तर काम झालं. नाही जमलं तरच कोरण्याची पाळी येते, कारण ते वेळखाऊ काम आहे. त्याच्या तोंडात किसणीसारखी दातेरी जीभ असते आणि लाळ सोडणाऱ्या एका छोट्या उंचवट्यावरही बारीक दाते असतात. त्यांनी खरवडत तो कवचाला भोक पाडतो आणि त्यातून विषारी लाळ आत सोडतो. आतल्या जिवाचे स्नायू सैल पडतात आणि मघाशी हटून बसलेली झाकणं सहज उघडतात. भोक मोठं पाडायची गरजच नसते. विष जाण्यापुरती वाट झाली की पुरे.

२००७ साली रोलंड अँडरसन आणि जेनिफर मॅदर यांनी सिएटलच्या मत्स्यालयातल्या महाकाय ऑक्टोपसांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पातळ कवचाचे शिणाणे ऑक्टोपसांनी ओढून उघडले. जाड शिंपल्यांच्या कडा चोचीने तोडल्या किंवा त्यांना भोक पाडलं. मग संशोधकांनी काही शिंपल्या तारेने बांधून टाकल्या. ओढून उघडेना, तेव्हा ऑक्टोपसांनी पद्धत बदलली. मजा पुढेच आहे. तेच खाणं उघडून समोर ठेवलं, तेव्हा शिणाणे मागे पडले आणि जाड शिंपल्यांतलं मांस जास्त खाल्लं गेलं. म्हणजे शिणाणे जास्त आवडत होते असं नाही, ते कमी कष्टात मिळत होते.

याला चिकाटी म्हणायचं का? मला तर हा हिशेब वाटतो. कुठे जोर लावायचा, कुठे थांबायचं, कुठे दुसरी वाट धरायची, याचा.

हे मला एवढं लागण्याचं कारण आहे. माझी एक मैत्रीण एकाच प्रवेश परीक्षेला तिसऱ्यांदा बसते आहे. तोच क्लास, त्याच नोट्स, तीच रात्रीची जागरणं. घरचे, शेजारचे, आम्ही मित्र, सगळे एकच सांगतो: चिकाटी सोडू नको, प्रयत्नांती परमेश्वर. पद्धत बदलून पाहिलीस का, मुळात ही परीक्षा तुला हवी आहे का, हे तिला कुणीच विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. बंद झाकण ओढत राहण्यालाच आपण चिकाटी म्हणतो आणि दमलेल्या माणसालाच वर दोष देतो.

कबूल आहे, आता मीही बोधच काढतोय. ऑक्टोपस आपल्याला शिकवायला कोरत नाही, पोटासाठी कोरतो. त्याच्या कुळाचा हा उद्योगही आजचा नाही. अमेरिकेतल्या साउथ डकोटात सापडलेल्या सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांवर अशी भोकं आहेत. तेव्हा धडे घ्यायला माणूस नव्हताच. पण बोध काढायचाच असेल, तर आधी नीट बघून काढावा, एवढंच माझं म्हणणं. मुंगी मेहनती, कोल्हा लबाड, ऑक्टोपस चिकट, अशी लेबलं आपण न बघताच लावतो आणि मग तीच माणसांनाही चिकटवतो.

आपल्या मंडळात शास्त्र शाखेचेही बरेच जण आहेत. पुढच्या अंकासाठी सुविचार नको, स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट लिहा. किसणी, चोच, भोक, खरवडणं हे शब्द घरचेच आहेत, मराठी कुठे अडत नाही.

आणि मैत्रिणीला मी आज फोन करणार आहे. या वेळी 'चिकाटी' हा शब्द न वापरता.