अर्ध्या नावाचा पदार्थ

प्रकाशाच्या दृष्टीने आपण पदार्थांचे तीन वर्ग पाडतो: पारदर्शक, अपारदर्शक आणि या दोहोंच्या मध्ये कसाबसा बसवलेला अर्धपारदर्शक. पहिल्या दोन नावांबद्दल तक्रार नाही. तिसरे मात्र मला नेहमी खटकते. ज्याला स्वतःचा गुण आहे त्याला दुसऱ्याचा अर्धा भाग म्हणून ओळखणे हा अन्याय तर आहेच. शिवाय ते खरेही नाही.

दिवाळीचा आकाशकंदील घ्या. त्याला जिलेटीनचा कागद लावला तर आतला दिवा, त्याची तार, सारे काही दिसते आणि उजेड थेट डोळ्यांवर येतो. पतंगाचा कागद लावला तर दिवा दिसेनासा होतो, पण सबंध कंदीलच उजळून निघतो. कागद थोडा प्रकाश अडवीत असेल. परंतु त्याचे खरे काम किरण चहूकडे पांगवण्याचे आहे. स्नानघराच्या दुधी काचेचेही तेच. वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाने तिची एक बाजू खरबरीत केलेली असते. ती बाजू पाण्याने भिजवून पाहावी; पलीकडचे बरेच स्पष्ट दिसू लागते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. खळगे पाण्याने भरले की किरणांचे वेडेवाकडे वळणे कमी होते, एवढेच. मग यात 'अर्धे' ते काय?

हिंदी पुस्तकांत यास 'पारभासी' म्हणतात. आपली भोपाळची मुले हा शब्द शाळेतून घरी आणतात, आणि आपण वडीलधारी मंडळी तो हिंदी म्हणून परतवून लावतो. मला हे पटत नाही. शब्द संस्कृत घडणीचा आहे. हिंदीचा जितका, तितकाच आपलाही. 'भास म्हणजे भ्रम' असा आक्षेप कोणी घेईल. पण 'भास्' धातूचा अर्थ प्रकाशणे, आणि भास्कर हा शब्द त्यातूनच आला आहे. ज्यातून वस्तूचे दर्शन होते ते पारदर्शक. ज्यातून केवळ प्रकाश पार होतो ते पारभासी. इतका नेमका भेद 'अर्ध' या उपपदाने कधीच साधणार नाही.

माझे वडील दरबारी गवई होते आणि मी गाणे शिकवून पोट भरतो, म्हणून उदाहरण घरचेच देतो. कोमल गांधाराला कोणी अर्धा गांधार म्हणत नाही, की तीव्र मध्यमाला दीड मध्यम. तसे म्हटले असते तर शिष्याने कोमल स्वर उणा समजूनच लावला असता. नावातच उणेपणा असला की तो वस्तूला चिकटतो. कारभार 'पारदर्शक' असावा असे आपण उठता-बसता ऐकतो. तोच 'अर्धपारदर्शक' म्हटला की निम्मे दडवल्याचा वास येतो. बिचाऱ्या काचेने काय दडवले?

बोलण्यात मात्र पारभासीचीही गरज नाही. 'दुधी' हा आपला जुना, बोलका शब्द आहे. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून येथे आलेल्या कुटुंबांत दुधी काच, दुधी बल्ब हे शब्द सहज नांदतात. आता नातवंडांना दुधी म्हटले की भाजीच आठवते, आणि तीही येथल्या बाजारात 'लौकी' झालेली! कापडाला 'झिरझिरीत' म्हणावे, कारण त्यातून पलीकडचे दिसते; काचेला 'दुधी' म्हणावे, कारण तिच्यातून केवळ उजेड येतो. हा फरक आपल्या आज्यांना पदार्थविज्ञान न शिकता ठाऊक होता.

तेव्हा पुस्तकात पारभासी आणि घरात दुधी, अशी वाटणी करावी असे मला वाटते. मुलाने शाळेतून आणलेला शब्द नाकारू नये, आणि त्याच्या जोडीला घरातला शब्द त्याच्या हाती द्यावा. परप्रांतात भाषा टिकते ती अशाच देवघेवीने. नुसत्या बजावण्याने नव्हे.