सर्व्हिसिंगची गाडी ताब्यात घेताय? सही करायच्या आधी ऑइलची काडी बघा



भांडवल, जीएसटी, मार्केटिंग यावर आपण नेहमीच बोलतो. आज बोलूया गाडीतल्या इंजिन ऑइलवर. विषय छोटा वाटेल, पण ज्याचा धंदा दुचाकीवर चालतो त्याने शेवटपर्यंत वाचा. मला हा धडा चांगलाच महागात पडलाय.

सांगलीत माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. केकचे बॉक्स, मिठाईचे बॉक्स, कागदी पिशव्या, टेप असला माल. सुरुवातीला टेम्पो परवडत नव्हता. मिरज, माधवनगर, तासगाव, सगळीकडे एकाच १२५ सीसी बाईकवरून माल पोचवायचो. दुकानाचं दुसरं वर्ष होतं. दिवाळीच्या आधी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. संध्याकाळी फोन आला, "सर, गाडी रेडी आहे." गेलो, गाडी धुऊन चकाचक उभी होती. बिल भरलं, सही केली, किक मारली आणि निघालो.

बाराव्या दिवशी तासगावच्या रस्त्यावर इंजिनमधून टकटक आवाज यायला लागला. जवळच्या गॅरेजवाल्याने ऑइलची काडी बाहेर काढली, तर टोकालासुद्धा ऑइल नव्हतं. इंजिनचं काम निघालं. साडेसात हजार रुपये गेले आणि गाडी पाच दिवस उभी राहिली. पण खरं नुकसान वेगळंच झालं. एका मिठाईवाल्याचे बॉक्स वेळेवर पोचले नाहीत आणि ऐन दिवाळीत त्याने दुसरा सप्लायर धरला. तो आजपर्यंत परत आलेला नाही.

मी रागारागाने सर्व्हिस सेंटरला गेलो. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सर, जॉब कार्डवर ऑइल चेंजला टिक आहे. खाली तुमची सही आहे. बारा दिवस गाडी तुमच्याकडे होती. आता आम्ही काय सांगणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑइल कमी भरलं होतं, की ड्रेन बोल्ट नीट आवळला नव्हता आणि रोज थोडं थोडं गळत होतं, की इंजिनच ऑइल जाळत होतं? हे ठरवायला एकच गोष्ट हवी होती: गाडी ताब्यात घेताना लेव्हल किती होती? ती मी बघितलीच नव्हती. मग भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून माझं मत सरळ आहे. सर्व्हिसिंग झाल्यावर ऑइलची लेव्हल तपासणं हे मालकाचं काम आहे आणि ते गेटच्या आतच झालं पाहिजे. गाडी आत असताना सापडलेली चूक ते पाच मिनिटांत दुरुस्त करून देतात. तीच चूक गेटबाहेर सापडली की ती तुमची होते.

बघायचं कसं? सोपं आहे. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि लेव्हल चुकीची दिसते. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. काडी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, परत घाला आणि काढून बघा. काडीवर दोन खुणा असतात. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. नुकतंच बदललेलं असेल तर वरच्या खुणेच्या जवळ, पण तिच्या वर नाही. काडी परत घालताना आटे फिरवायचे की नुसती टेकवायची हे गाडीप्रमाणे बदलतं. बऱ्याच गाड्यांना नुसती टेकवायची असते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं, एकदा वाचून ठेवा. काही गाड्यांना काडीऐवजी इंजिनच्या बाजूला छोटी काच असते. तिथे गाडी अगदी सरळ उभी धरून लेव्हल बघायची.

मग खाली वाकून ड्रेन बोल्टवर एक नजर टाका. ओला दिसतोय का? दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी होती तिथल्या फरशीवर डाग आहे का तेही बघा. आणि आठवडाभराने काडी परत एकदा तपासा. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवाच नसतो. ते काम काडीनेच करायचं.

"कमी असेल तर समजलं, पण जास्त असलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला खूपजण विचारतात. बिघडतं. ऑइल जास्त झालं की फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही. आतला दाब वाढून सीलमधून गळती सुरू होऊ शकते. ब्रीदरच्या नळीतून ऑइल एअर फिल्टरपर्यंतही जातं.

असं होतं कसं, तेही सांगतो. मॅन्युअलमध्ये ऑइलचे सहसा दोन आकडे असतात. नुसतं ऑइल काढून बदललं तर कमी लागतं, कारण थोडं जुनं आतच राहतं. इंजिन पूर्ण खोललं असेल तर जास्त लागतं. गडबडीत असलेला मेकॅनिक आकडा बघत नाही. बाटली उघडली की पूर्ण ओतून मोकळा होतो. माझ्याच बाबतीत पुढच्या सर्व्हिसिंगला असं झालं. काडी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! मी सुपरवायझरला काडी दाखवली. त्याच्या कपाळावर आठी आली, पण बोलला काही नाही. पोराने जास्तीचं ऑइल काढलं, परत लेव्हल दाखवली. दहा मिनिटं गेली, भांडण झालं नाही.

बिलही वाचा. बिलावर एक लिटर लावलंय आणि गाडीत ८०० मिली गेलंय, तर उरलेलं २०० मिली तुमचं आहे. बाटली मागून घ्या, त्यात लाज कसली? ऑइलचा ग्रेड मॅन्युअलशी जुळतोय का तेही बघा. गिअरच्या बहुतेक बाईकना क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो. म्हणून त्यांना जासो एमए किंवा एमए-२ दर्जाचं ऑइल लागतं. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

आता काहीजण म्हणतील, "सर, एवढा संशय बरा नाही. धंदा विश्वासावर चालतो." आपल्याकडे गमतीने म्हणतात ना, विश्वास पानिपतातच गेला! पण गंमत बाजूला ठेवा. बँकेत कॅशियरने दिलेल्या नोटा आपण खिडकीसमोरच मोजतो. कॅशियरला त्याचा राग येतो का? नाही. कारण नोटा मोजल्या की तोही सुटला आणि आपणही सुटलो. माझ्या मते विश्वास असाच टिकतो. न तपासता ठेवलेला विश्वास पहिल्या चुकीला तुटतो आणि मग दोन्ही बाजूंना वाटत राहतं की समोरचा खोटं बोलतोय. तो मॅनेजर खोटं बोलत होता असं मी आजही म्हणू शकत नाही. तपासलं असतं तर तशी वेळच आली नसती.

बीबीएला असताना क्वालिटी कंट्रोलचा धडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो कळला मात्र त्या जॉब कार्डमुळे. वीस ओळी, वीस टिका, सगळ्या एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या. कागदावरची टिक म्हणजे झालेलं काम नव्हे.

घरी आलो आणि स्वतःच्या दुकानाकडे बघितलं. मी तरी काय वेगळं करत होतो? चलनावर "५०० बॉक्स" लिहायचो आणि गठ्ठे द्यायचो. गिऱ्हाईकाने चार दिवसांनी "वीस कमी निघाले" म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, "आम्ही मोजूनच दिले होते, तुमची सही आहे." म्हणजे त्या मॅनेजरच्या खुर्चीत मीच बसलो होतो!

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. माल देताना गिऱ्हाईकाच्या समोर गठ्ठे मोजायचे, एक गठ्ठा फोडून दाखवायचा, मगच सही घ्यायची. दोन मिनिटं जास्त लागतात. पण नगाच्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या, आणि "हा माणूस मोजून देतो" या एका वाक्यावर मला नवीन गिऱ्हाईकं मिळाली.

तुमच्यापैकी कोणी मोबाइल रिपेअरिंग काढतंय, कोणी एसी सर्व्हिसिंग, कोणी शिलाईकाम, कोणी स्वतःचं गॅरेज. तुम्हाला एकच सांगतो. गिऱ्हाईकाने काडी मागायची वाट बघू नका, तुम्हीच काढून दाखवा. एसीवाल्याने साफ केलेली जाळी दाखवावी. मोबाइलवाल्याने काढलेला जुना पार्ट हातात द्यावा. शिंपीताईंनी माप वहीत लिहून वाचून दाखवावं. गॅरेजवाल्याने तर काडी पुसून, घालून, काढून गिऱ्हाईकासमोर धरावी. याला भांडवल लागत नाही.

आणि ज्यांची गाडी या आठवड्यात सर्व्हिसिंगला जाणार आहे, त्यांनी खिशात एक जुनं फडकं ठेवा. "गाडी रेडी आहे" असा फोन आला की जा, काडी बघा, फोटो काढा आणि मगच सही करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि धंदा ओढणारी गाडीही सांभाळा.