263 किलोमीटरचं कुलूप



गेल्या वेळी उंधियूवर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी कळवलं, की खाण्यापिण्याचं पुरे, आता जुन्या माणसांविषयी काहीतरी लिही. योगायोगाने दिवाळीच्या साफसफाईत आमच्या उधन्याच्या जुन्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आप्पांची वही सापडली. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर सुटलं होतं आणि पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली तारीख होती, फेब्रुवारी 1984. मला वाटलं लूमचा हिशोब असेल. निघाला घोड्यांचा.

आमचं मूळ गाव शहादा तालुक्यातलं. सुरतेत आलेल्या निम्म्या खानदेशी मंडळींसारखेच आप्पाही सत्तरच्या दशकात ताप्ती व्हॅलीच्या पॅसेंजरने आले आणि लूमवर लागले. पण घोड्यांचं वेड गावाकडचं. ते आलं सारंगखेड्याच्या यात्रेतून. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तापीच्या काठावर सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि त्या यात्रेतला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात, सगळीकडून व्यापारी घोडे घेऊन येतात. आता तिथे चेतक महोत्सव होतो, तंबू पडतात, ड्रोन उडतात. माझ्या लहानपणी धूळ, जिलेबी आणि घोडे एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

दरवर्षी आप्पा मला आणि माझ्या चुलत भावाला उधन्याहून पॅसेंजरने दोंडाईच्याला न्यायचे, तिथून एसटीने सारंगखेडा. घोड्याचं सगळं शिक्षण मला तिथे मिळालं. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा तो नुकरा. ठिपक्याठिपक्यांचा अबलख. चारही पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी. मानेखाली केसांचा भोवरा असेल तर देवमण, म्हणजे शुभ आणि म्हणून महाग. आम्ही पोरं रंगावर भाळायचो. आप्पा म्हणायचे, "पहिले पाय दख, रंग मंग." घोडा उभा असताना कुठला पाय हलका ठेवतो, वळताना अडखळतो का, कान कुठे फिरवतो, हे ते तासन्‌तास बघत बसायचे.

संध्याकाळी मोकळ्या रानात शर्यती लागायच्या. काही वेगाच्या, काही रेवाल चालीच्या. रेवाल चालीत घोडा भरभर चालतो, पण स्वाराच्या हातातला भरलेला पेला हिंदकळत नाही. प्रत्येक फेरीआधी आप्पा आम्हाला विचारायचे, "कोण?" बरोबर सांगेल त्याला एक जिलेबी जास्त. आमच्या आयुष्यातली ही पहिली पैज, आणि आप्पांच्या लेखी त्या मैदानावर जिलेबीपलीकडे काही लावायचं नसे.

पैसे लावायचे ते वर्षातून एकदाच, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, इंडियन डर्बीच्या दिवशी. ही डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. अंतर 2400 मीटर, फक्त चार वर्षांचे घोडे, आणि सगळा खेळ साधारण अडीच मिनिटांत आटोपतो. या अडीच मिनिटांसाठी आप्पा वर्षभर तयारी करायचे. मुंबईच्या वर्तमानपत्रातलं रेसचं पान स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणायचं, कात्रणं वहीत चिकटवायची, कुठला घोडा पुण्याच्या पावसाळी हंगामात कसा धावला, जॉकी कोण, ट्रेनर कोण, वजन किती, सगळं पेन्सिलीने लिहायचं. इंग्रजी जेमतेम, पण घोड्यांची नावं स्पेलिंगसकट पाठ. स्क्वॉन्डरर नावाच्या घोड्याने 1977ची डर्बी कशी मारली हे ते असं सांगायचे, जणू तो आमच्याच गोठ्यातला होता.

आपण गुजरातमधल्या मराठी माणसांनी तर या डर्बीवर थोडा हक्कच सांगायला हरकत नाही. ती पहिल्यांदा 1943 साली धावली, आणि ती जिंकणारी घोडी, प्रिन्सेस ब्यूटिफुल, होती बडोद्याच्या महाराजांची. त्याच प्रतापसिंहराव गायकवाडांनी पुढे इंग्लंडमध्ये 28,000 गिनी मोजून एक शिंगरू विकत घेतलं. त्या काळातला तो विक्रम होता. शिंगराला त्यांनी आपल्या आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. 1947 साली या सयाजीरावाने इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली. आप्पा ही गोष्ट बडोदा स्टेशन आलं की हमखास सांगायचे, शेजारी बसलेला माणूस ऐकत असो वा नसो.

डर्बीला जायचं ते पहाटेच्या फ्लाइंग राणीने. तिचे डबल डेकर डबे तुम्हाला आठवत असतील. 1979 पासून ते होते, 2023च्या जुलैमध्ये गेले. आप्पांची जागा वरच्या मजल्यावर, खिडकीशी. सुरत ते मुंबई सेंट्रल 263 किलोमीटर. तिथून धिमी लोकल पकडली की पुढचंच स्टेशन महालक्ष्मी. मोठी माय म्हणजे आमची काकू. ती दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. आप्पांच्या खिशात तिकिटाचे पैसे आणि वेगळ्या पुडीत दिवाळीच्या बोनसमधले बाजूला ठेवलेले दोनशे रुपये. पुडी संपली की खेळ संपला. मग उरलेला दिवस नुसते घोडे बघायचे आणि रात्रीच्या गाडीने परत.

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो, 2010 साली, नोकरी लागण्याच्या थोडं आधी. समोर हिरवंगार मैदान, मागे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. 1883 पासूनचं ते रेसकोर्स. गर्दीतले बहुतेक लोक बोर्डावरच्या आकड्यांकडे बघत होते. आप्पा मात्र शर्यतीआधी घोडे फिरवून आणतात त्या गोलाच्या कठड्याला टेकून पाय बघत होते. त्यांनी निवडलेला घोडा चौथा आला. "पाय बरोबर होता, जॉकीने घाई केली," एवढंच म्हणाले आणि दशमीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

आता त्या वहीकडे येतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे वही बघून डोळे पाणावले तरी हात एक्सेलकडे गेलेच. दोन रात्री बसून सगळे आकडे भरले. 1984 ते 1999, सोळा डर्बी. काही वर्षी आप्पा जिंकले, बहुतेक वेळा हरले. सोळा वर्षांचा निव्वळ तोटा 1,940 रुपये. म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आत. एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या छंदाला हा खर्च मला अगदीच किरकोळ वाटला. मी खूश झालो, की चला, आप्पांनी घर बुडवलं नव्हतं.

मग 2000 सालचं पान आलं. आमच्या घरी फोन आला तो याच सुमारास. आणि त्याच सुमारास भागात एक माणूस फिरू लागला, जो मुंबई-पुण्याच्या रेसवर इथे बसल्याबसल्या पैसे घ्यायचा. बेकायदा, अर्थात. वहीतल्या नोंदी बदलल्या. आधी वर्षाला एक पान, आता आठवड्याला एक. मुंबईचा हंगाम हिवाळ्याचा, पुण्याचा पावसाळ्याचा, म्हणजे वर्षातले बहुतेक महिने काही ना काही चालूच. कात्रणं बंद झाली. पायांविषयीच्या नोंदी बंद झाल्या. नुसती नावं आणि आकडे. तीन वर्षांचा तोटा 61,300 रुपये. शेवटच्या पानावर, 2003च्या मार्चमध्ये, एकच ओळ होती, 'पाटल्या'. खाली सोनाराकडून मिळालेली रक्कम. त्यानंतर वही कोरी.

मोठ्या मायच्या हातात काचेच्या बांगड्यांशिवाय मी काही पाहिल्याचं मला आठवत नाही. लहानपणी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

आप्पा तेच, घोडे तेच, अक्कलही तीच. मग पहिल्या सोळा वर्षांत आणि नंतरच्या तीन वर्षांत फरक कसला? माझं उत्तर एकच आहे: 263 किलोमीटर. पहाटेची गाडी, दशम्यांचा डबा, पुडीतले मोजके पैसे आणि परतीची गाडी, हे सगळं त्या छंदाला लावलेलं कुलूप होतं. फोन आला आणि कुलूप निघालं. आणि मैदान दिसेनासं झालं तेव्हा घोडाही दिसेनासा झाला, उरला तो आकडा.

आपल्या सुप्रीम कोर्टाने 1996 साली म्हटलं आहे, की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. ते खरंच आहे. पण कौशल्याने हिशोब बदलत नाही. रेसकोर्सवरच्या टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी निघतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे सगळे मिळून कायम हरणारच. माझ्या धंद्यातल्या मुलांसाठी एक गंमत: ही बेरीज आपोआप करणारं पहिलं यंत्र 1913 साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर बसलं. जॉर्ज ज्यूलियस नावाच्या इंजिनिअरने ते आधी मतं मोजायला बनवलं होतं, सरकारने नाकारलं म्हणून रेसकोर्सवर गेलं. तारा, साखळ्या आणि वजनं. एका अर्थाने आपल्या कॉम्प्युटरचा हा एक पूर्वजच.

आमच्या क्लायंटकडे लंडनची एक सहकारी आहे. तिला हे सांगितलं तर ती हसली. तिचे आजोबा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचे वेडे. मैदानात विजेवर पळणारा खोटा ससा सोडतात आणि त्यामागे सहा कुत्री सुटतात. दर शनिवारी आजोबा वॉल्थमस्टोच्या स्टेडियमला जायचे. ते 2008 साली बंद झालं, विम्बल्डनचं 2017 साली. "स्टेडियम गेलं," ती म्हणाली, "पैसे लावणं मात्र फोनवर आलं. आजोबांना निदान कुत्र्यांची नावं माहीत होती."

हे सगळं जगभर असंच चाललंय. सिंगापूरने 2024च्या ऑक्टोबरात शेवटची घोड्यांची शर्यत घेतली. आपल्या महालक्ष्मीचीही 120 एकर जागा आता बागेसाठी महापालिकेकडे, रेसकोर्सकडे उरली सुमारे 91 एकर. मैदानं आकसतायत आणि पैज मात्र खिशात शिरली आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच्या आधीच आमच्या नात्यातल्या एका बावीस वर्षांच्या मुलाने क्रिकेटच्या एका अ‍ॅपवर बाइकचे हप्ते घालवले होते. मी त्याला रागावलो नाही. मी अ‍ॅप बनवतो, मला माहीत आहे की माणसाने बोट पुन्हा लावावं म्हणून किती डोकी पगार घेऊन बसलेली असतात. आप्पांसमोर निदान एकच माणूस होता, आणि त्यालाही रात्री झोप लागायची. फोनला लागत नाही. त्या मुलाला मी फक्त वही दाखवली. 'पाटल्या' वाचून तो बराच वेळ गप्प होता.

वही सापडल्याचं मोठ्या मायला सांगावं का, हा प्रश्न होता. आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. म्हातारपणी तिला कशाला टोचायचं? पण लपवणंही जमेना. एका संध्याकाळी तिच्यापाशी बसून हळूच विषय काढला, बेरीज मात्र सांगितली नाही. तिने वही हातात घेतली, वाचता येत नसताना पानं उलटली आणि म्हणाली, "माले समदं माहीत शे, भाऊ." मग तिनेच सांगितलं. पाटल्या आप्पांनी चोरून नेल्या नव्हत्या. तिनेच काढून दिल्या होत्या आणि अट घातली होती: घोडे बघायचे ते डोळ्यांनी, फोनने नाही. आप्पांनी ती शेवटपर्यंत पाळली. 2010ला मला घेऊन मुंबईला गेले ते तिला विचारून, आणि पुडीतले दोनशे रुपये तिनेच बांधून दिले होते. त्या दिवशी आप्पा खिशात पुडी चाचपत होते ते मला आठवतंय. मला वाटलं होतं, गर्दीत खिसा सांभाळतायत.

बेरीज शेवटी मी तिला सांगितलीच. तिचा आकडा माझ्यापेक्षा चारशेने जास्त होता. एका रविवारचं आप्पा लिहायला विसरले होते म्हणे.

येत्या दत्तजयंतीला आम्ही सगळे सारंगखेड्याला चाललोय. मोठी माय, आई-बाबा, बायको आणि माझी सात वर्षांची मुलगी. कार आहे, पण मी मुद्दाम पॅसेंजरची तिकिटं काढायचं म्हणतोय, दोंडाईच्यापर्यंत. मुलीने आतापासून विचारायला सुरुवात केली आहे, की घोडा ओळखायचा कसा. तिला सांगितलंय, आधी पाय बघायचे, रंग नंतर. बरोबर ओळखलं तर एक जिलेबी जास्त.

तुमच्यापैकी कोणी त्या दिवसांत तिकडे येणार असाल तर कळवा. दशम्या मोठी माय करणार आहे, भरपूर करते.