बिऱ्हाड हलले, देयक हलले नाही

मे महिना हा महाराष्ट्रात बदल्यांचा आणि बिऱ्हाडे हलविण्याचा महिना. जिल्हा परिषदेचा शिक्षक एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो, बँकेतील कारकून बढती घेऊन परगावी रवाना होतो, परीक्षा आटोपलेले विद्यार्थी पुण्यातील भाड्याच्या खोल्या सोडतात. टेम्पोत सामान चढते, घरमालकाकडून अनामत परत घेतली जाते, गॅसची नोंदणी दुसऱ्या वितरकाकडे वर्ग होते, विजेच्या मीटरवरील शेवटचा आकडा लिहून घेतला जातो. या साऱ्या हिशेबांत एक हिशेब मात्र मिटता मिटत नाही. तो असतो दूरध्वनीचा आणि त्याच तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा. घर रिकामे होते, तार तोडली जाते, आणि तरीही त्या पत्त्यावरील सेवेचे देयक निघतच राहते.

या देयकाची रूपे अनेक आहेत. ग्राहकाने सेवा बंद करण्यास कळविल्यानंतरच्या महिन्याचे भाडे लावले जाते, कारण म्हणे अर्ज ‘प्रक्रियेत’ असतो. राउटर नेण्यास माणूस पाठवितो असे सांगून कोणी येत नाही आणि पुढे त्याच राउटरची पूर्ण किंमत थकबाकीत जमा होते. सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरलेले असेल, तर न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत, कारण योजनेत तशी तरतूद नसते. सर्वांत चमत्कारिक प्रकार नव्या पत्त्यावर कंपनीची केबलच पोहोचलेली नसते तेव्हा घडतो. ग्राहक सेवा पुढे चालू ठेवावयास तयार असतो, कंपनी ती देण्यास असमर्थ असते, आणि मुदतीपूर्वी करार मोडल्याचा आकार मात्र ग्राहकाकडून मागितला जातो.

हा प्रश्न पाचसातशे रुपयांचा आहे, त्यासाठी वृत्तपत्राची जागा कशाला अडवावी, असे कोणी म्हणेल. परंतु रक्कम लहान असणे हेच तर या प्रश्नाचे मर्म आहे. समजा, मागणी ९०० रुपयांची आहे. तिच्याविरुद्ध भांडावयाचे तर ग्राहकाला दूरध्वनीवर तासन्‌तास ताटकळावे लागते, जुन्या गावी खेटे घालावे लागतात, एखाद्या दिवसाची रजा खर्ची पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शहाणा माणूस पैसे भरून मोकळा होतो, आणि त्याच्यापुरता त्याचा निर्णय अचूकच असतो. मात्र कंपनीच्या बाजूने हिशेब वेगळा दिसतो. तिच्यासमोर ग्राहक एक नसून अगणित असतात. त्यांतील बहुतेक भांडणार नाहीत हे गृहीत धरले, की चुकीचे देयक काढण्यात तोटा उरत नाही. ते दुरुस्त करण्यातच खर्च असतो. येथे कोणाच्या दुष्टाव्याची कल्पना करण्याची गरज नाही. आळसाचा लाभ नेहमी एकाच बाजूला होईल अशी व्यवस्था असली, की ती बाजू आळशीच राहते.

दूरध्वनी हे सरकारी खाते होते तेव्हा सारे सुरळीत होते असे मात्र नव्हे. त्या काळी यंत्र मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहावे लागे, आणि घर बदलणाऱ्या दूरध्वनीधारकाला नव्या एक्स्चेंजच्या हद्दीत पुन्हा वाट पाहावी लागे. मक्तेदारी गेली आणि स्पर्धा आली, हा लाभ मोठाच झाला. स्पर्धेत नाराज ग्राहक दुसरीकडे जातो आणि त्या भीतीने विक्रेता नीट वागतो, असे अर्थशास्त्राची प्राथमिक पाठ्यपुस्तके सांगतात. पण गाव सोडून जाणारा ग्राहक तसाही जाणारच असतो. त्याला राजी राखण्यात कंपनीला स्वारस्य उरत नाही. ज्या क्षणी स्पर्धेचा अंकुश सुटतो त्याच क्षणी कायद्याने हात घालावयास हवा.

कायद्याने काय केले, हा इतिहास उद्‌बोधक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले, पण एकेका ग्राहकाची तक्रार निवारण्याचे काम त्याच्याकडे नाही. त्याच कायद्याखालील अपील न्यायाधिकरणापुढेही, ग्राहक मंचाकडे नेता येण्याजोगी वैयक्तिक तक्रार चालत नाही. म्हणजे ग्राहकाने ग्राहक मंचाकडे जावे, असा कायदेकर्त्यांचा स्पष्ट हेतू होता. असे असता सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दूरध्वनीच्या देयकाचा वाद १८८५ च्या तार कायद्यातील कलम ७-ब प्रमाणे लवादाकडेच न्यावा. ग्राहक मंचाला त्यात अधिकार नाही. हा लवाद केंद्र सरकारने नेमावयाचा आणि त्याचा निवाडा अंतिम! प्रकरण सरकारी दूरध्वनी खात्याचे होते, तरी खाजगी कंपन्यांनीही या निर्णयाचे छत्र आपल्या डोक्यावर धरले. न्यायाधिकरणाचे दार आधीच बंद, मंचाचे नव्याने बंद झालेले, अशा बोळात दूरध्वनीधारक अडकला.

ती कोंडी फुटली १६ फेब्रुवारी २०२२ रोजी. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे मासिक देयक सरासरी ५५५ रुपयांचे असे. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ मधील एका महिन्याचे देयक मात्र २४,६०९ रुपयांचे निघाले. त्याने २०१४ च्या मे महिन्यात जिल्हा मंचाकडे तक्रार केली. कंपनीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तार कायद्यातील तरतुदीमुळे ग्राहक मंचाचा अधिकार हिरावला जात नाही, असा निर्वाळा न्यायालयाने अखेर दिला. दार उघडे आहे की बंद, एवढेच ठरावयास जवळजवळ आठ वर्षे लागली. देयक बरोबर की चूक हा मुद्दा त्यानंतरचा. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित ठेवला.

घर बदलणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची सुधारणा मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. १९८६ च्या कायद्याखाली तक्रार सामान्यतः कंपनीचे कार्यालय असेल तेथे किंवा तक्रारीचे कारण घडले तेथे करावी लागे. कोल्हापूर सोडून नांदेडला गेलेल्या कारकुनाने नऊशे रुपयांसाठी कोल्हापुरास यावे, ही अपेक्षाच हास्यास्पद होती. नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. एक विसंगती मात्र राहून गेली. एकतर्फी, अवाजवी दंड लादणाऱ्या ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या याच कायद्याने केली, परंतु अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, तिच्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. म्हणजे मुदतपूर्व खंडनाचे कलमच अन्याय्य आहे असे म्हणावयाचे, तर पुन्हा बारा आण्यांचा मसाला आलाच.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. तार ओढणे, यंत्र बसविणे यांस खर्च येतो, आणि वर्षभर भाडे मिळेल या भरवशावर तो प्रारंभी माफ केलेला असतो. दोन महिन्यांत निघून जाणाऱ्याने त्याचा वाटा उचलणे रास्तच आहे. राउटर पिशवीत घालून पसार होणारेही असतात. पण अकरा महिने भाडे भरलेल्याकडून आणि दोन महिने भरलेल्याकडून सारखाच आकार घेणे, किंवा तीन वर्षे वापरलेल्या यंत्राची कोऱ्या यंत्राची किंमत मागणे, ही भरपाई नव्हे. करारात रक्कम नमूद असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल, हे तत्त्व १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. दीडशे वर्षांपूर्वीचे ते तत्त्व दूरध्वनीच्या देयकापर्यंत अद्याप पोहोचावयाचे आहे.

नियामक प्राधिकरणाने नियम केले नाहीत असेही नाही. मूळ दूरध्वनी सेवेच्या २००९ च्या नियमांत सेवा बंद करण्यास सात दिवस आणि अनामत परत करण्यास साठ दिवस अशी मुदत होती. सेवेच्या गुणवत्तेचे नियम २०२४ मध्ये एकत्र करून नव्याने लागू करण्यात आले. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो, आणि तिचे निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत विनाशुल्क अपील करता येते. त्याने ते ३९ दिवसांत निकालात काढावयाचे असते. बिऱ्हाड हलविणाऱ्याने सेवा बंद करण्याची मागणी लेखी करावी, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा, राउटर परत देताना पावती घेतल्याविना तो हातचा सोडू नये, आणि बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी रद्द करावी. ही पथ्ये उपयोगाची आहेत. तथापि या साऱ्या योजनेत पहिले पाऊल प्रत्येक वेळी ग्राहकानेच टाकावयाचे आहे.

ते उलटे करणे अवघड नाही. लेखी मागणीच्या दिवशीच भाडे थांबावे, मग कंपनीचा माणूस तार तोडावयास केव्हाही येवो. नव्या पत्त्यावर सेवा देता येत नसेल, तर मुदतपूर्व खंडनाचा आकार लावण्याची मुभाच नसावी. अनामत आणि आगाऊ भाड्याची शिल्लक ग्राहकाने न मागता त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी, आणि मुदत टळल्यास त्यावर व्याज चढावे. थकलेल्या देयकावर कंपनी विलंब आकार लावते, तोच दर येथे लावण्यास हरकत नसावी. अपील प्रलंबित असेतोवर वादग्रस्त रकमेची वसुली थांबवावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी संसदेत विधेयक आणण्याचे कारण दिसत नाही. प्राधिकरणाच्या एका विनियमाने हे काम होऊ शकेल, आणि पुढच्या मे महिन्यापूर्वी व्हावयास त्याला पुरेसा अवधी आहे.