पायरीचा दाखला कोण काढणार?

उसाचं पातं डोळ्यात जाणं ही जुन्नर-आंबेगावकडं कुणाला नवलाची गोष्ट नाही. पात्याच्या कडा दातेरी असतात, बुबुळावर चरा जातो. माणूस दोन दिवस मेडिकलमधून आणलेल्या थेंबांवर काढतो आणि नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांपुढं बसेपर्यंत जखमेत पू झालेला असतो. कधी नजर वाचते, कधी जाते. समजा, बोरी बुद्रुकमधल्या पन्नाशीच्या एखाद्या शेतकऱ्याची एका डोळ्याची नजर अशी गेली. सरकारदरबारी त्याचं किती गेलं?

ते कोणत्या टेबलावर विचारता त्यावर आहे. तो दुसऱ्याच्या कामावर असताना हे घडलं आणि कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा त्याला लागू झाला, तर त्या कायद्याच्या परिशिष्टात डोळ्याचा भाव छापलेलाच आहे. डोळा गमावला आणि दुसरा शाबूत असेल, तर कमाईची ताकद ४० टक्क्यांनी घटली. नुसती नजर गेली आणि बुबुळ जागेवर असेल, तर ३० टक्के. तो स्वतःच्या रानात होता आणि अपघात मान्य झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एका डोळ्याचे १ लाख रुपये. पात्याऐवजी बिबट्याचा पंजा लागला असता आणि कायमचं अपंगत्व ठरलं असतं, तर वन खात्याकडून साडेसात लाख. एकच माणूस आणि एकच डोळा, पण भाव तीन. आपल्या भागात बिबट्याचा पंजा महाग आहे, उसाचं पातं स्वस्त.

चौथं टेबल दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं. या सदरात आपण सातबारा, वाटणीपत्र, पाणंद रस्ता असल्या विषयांत फिरत असतो. आज या दाखल्याकडं वळतोय, कारण गावात तो सगळ्यांना माहीत आहे आणि तो ज्या कायद्यातून निघतो तो कायदा जवळपास कुणालाच माहीत नाही.

दाखल्यासाठी बोरीतून औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत ऐंशी-नव्वद किलोमीटर जावं लागतं. तालुक्याला शिबिर लागलं तर गोष्ट वेगळी. तिथं डॉक्टर तपासतात आणि टक्के देतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल, तर केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं ३० टक्के. यूडीआयडी कार्ड मिळतं, पण पांढरं. ४० च्या आत पांढरं, ४० पासून पिवळं, ८० आणि त्यावर निळं. आपल्याकडं पांढऱ्या रेशनकार्डाचा जो उपयोग, तोच या पांढऱ्या कार्डाचा. ओळख पटते, पदरात काही पडत नाही. निराधारचे पैसे नाहीत, एसटीची सवलत नाही, नोकरीतली ४ टक्के राखीव जागा नाही. ‘तुझं दहा टक्क्यांनी हुकलं’ असं पारावर ऐकू येतं. दहावीच्या निकालासारखं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, इथं २१ झाले. थॅलेसेमिया आला, सिकलसेल आला, पार्किन्सन्स, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आल्या. वर्तमानपत्रांनी ७ चे २१ झाल्याची बातमी छापली आणि खरी बातमी बाजूला राहिली. ती कलम २ मध्ये आहे. दिव्यांग कोण, याचं उत्तर तिथं टक्क्यांत दिलेलंच नाही. ज्याला दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आहे आणि वाटेतल्या अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळं ज्याला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नाही, तो दिव्यांग. म्हणजे उणीव आणि अडथळा दोन्ही मिळून अपंगत्व होतं. अर्धं माणसाच्या शरीरात, अर्धं ग्रामपंचायतीच्या पायरीत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातून ही मांडणी आली आणि भारतानं तो करार २००७ मध्येच मान्य केला आहे.

हे पटत नसेल तर बुटकेपणाची व्याख्या घ्या. वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणानं प्रौढ माणसाची उंची ४ फूट १० इंच किंवा त्याहून कमी राहिली, तर तो २१ प्रकारांपैकी एक. त्यातला एखादा दिवसभर रानात खपू शकतो, हिशेबाला पक्का असतो, पोहतोही. मग त्याचं अडतं कुठं? बँकेच्या काउंटरपाशी, एटीएमच्या बटणांपाशी, एसटीच्या दांड्यापाशी. काउंटर कुणा पावणेसहा फुटी माणसाच्या मापानं बांधला, एवढंच झालं.

४० टक्क्यांची रेघ याच कायद्यात आहे, पण ती वेगळ्या कामासाठी. नोकरीतलं आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, जमीनवाटप आणि गरिबी हटवण्याच्या योजनांतला ५ टक्के वाटा, असे जे मोजके आणि खर्चाचे लाभ आहेत, त्यांच्यासाठी कायद्यानं ४० टक्क्यांची वेगळी पात्रता ठेवली. भेदभाव होऊ नये हा हक्क, आणि माणसाच्या गरजेप्रमाणं कामात, शाळेत, परीक्षेत वाजवी सोय करून मिळण्याचा हक्क, या दोन्हींना ती रेघ लागू नाही. पांढऱ्या कार्डवाल्यालाही ते आहेत. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोग लेखनिक देत नव्हता, कारण तो ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हता. न्यायालय म्हणालं, लेखनिकाचा टक्क्यांशी संबंध नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. त्यांचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर, म्हणजे आपल्या शेजारचंच.

टक्क्यांचा खेळ उलटाही चालतो. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाचा ४० टक्क्यांवरचा दाखला होता. त्या जोरावर वैद्यकीय शिक्षणाची राखीव जागा मिळायची, तर तपासणी मंडळ म्हणालं, इतके टक्के असतील तर डॉक्टर होता येणार नाही. ३९ असते तर राखीव जागा नाही, ४० च्या वर गेले तर प्रवेशच नाही! मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीला गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठानं ठरवलं की नुसत्या आकड्यावरून कुणाला अपात्र करता येणार नाही. तो माणूस शिकू शकतो का, हे बघावं लागेल.

अमेरिकेत १९९० पासून असा कायदा आहे. तिथं टक्के नाहीत, तरी घोळ झालाच. जुळ्या बहिणी, दोघी वैमानिक. चष्म्याशिवाय नजर कमी म्हणून विमान कंपनीनं त्यांना नाकारलं. १९९९ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चष्मा लावला की तुम्हाला नीट दिसतं, म्हणून तुम्ही अपंग नाही, म्हणून या कायद्याखाली दाद नाही. नोकरी देताना नजर अधू आणि दाद मागताना नजर छान. शेवटी २००८ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त करून व्याख्या सैल केली. अपंगत्व आहे की नाही यावर फार काथ्याकूट करू नका, असं न्यायालयांना सांगितलं. त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी मला फार शहाणपणाची वाटते. कुणाला लोकांनी अपंग समजून डावललं, तर त्यालाही संरक्षण. आपला एका डोळ्याचा शेतकरी वॉचमनच्या नोकरीसाठी गेला आणि ‘तुला दिसत नाही’ म्हणून परत पाठवला गेला, तर तिथं त्याला हे कलम लागू पडेल. इथं तो दाखल्यापुरता ३० टक्के आणि नोकरीपुरता पूर्ण आंधळा.

टक्के मोजूच नयेत असं मी म्हणत नाही. तिजोरीतले पैसे वाटायचे असतील तर कुठंतरी रेघ ओढावी लागते. पडताळणीही हवी. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून जे वादळ उठलं, त्यानंतर राज्यात दाखले पुन्हा तपासायची मोहीम निघाली. खोटे दाखले काढणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, कारण तो खऱ्या माणसाची जागा खातो. पण त्या धुरळ्यात काठी टेकत आलेल्या प्रत्येकाकडं संशयानं बघायची सवय लागली, तिचं काय? माझं म्हणणं एवढंच की पैसे वाटायला टक्के लागतात, पायरी काढायला लागत नाहीत. आपण मात्र माणसाला तीनदा मोजतो आणि पायरीला एकदाही नाही.

तर बोरीसारख्या गावात पायऱ्या मोजू. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना बोरी ठाऊक आहे ती कुकडीच्या काठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळं. तिच्या वयावर चाळीस वर्षं वाद चालू आहेत. त्या राखेचा थर इंचाइंचानं मोजला गेलाय. तसं बारकाईनं आपल्या गावांतल्या सार्वजनिक इमारतींचे उंबरे कुणी मोजलेत?

एसटी घ्या. पिवळ्या कार्डाला तिकिटात ७५ टक्के सूट आहे, पण पायरीत काही सूट नाही. गुडघ्याच्या वर पाय उचलावा लागतो, दोन माणसं खालून लोटतात, कंडक्टर घड्याळ बघतो. मग ज्याला परवडतं तो रिक्षा करतो आणि सवलत कागदावर राहते.

उतार घ्या. शाळेला, दवाखान्याला, पंचायतीला रॅम्प आहे असं प्रत्येक अहवालात लिहिलेलं असतं. नियम १ ला १२ चा. अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर उतार १८ फूट लांब हवा, बाजूला कठडा हवा. तालुक्यात फिरताना दिसतात ते चार-पाच फुटांत संपणारे, मोटारसायकल आत घ्यायला केलेले उतार. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली आली तर थांबत नाही.

अंगठा घ्या. कडबाकुट्टीत बोटं गेलेला माणूस दर तालुक्यात सापडतो. रेशनच्या मशीनला अंगठा हवा, बँकेला अंगठा हवा, निराधारच्या पैशांसाठी हयातीचा दाखला द्यायलाही अंगठाच हवा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना कॅमेऱ्यापुढं पापणी मिटता येत नव्हती म्हणून त्यांची केवायसी अडली. त्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं ठरवलं आणि पर्यायी पद्धती ठेवण्याचे आदेश दिले. गावच्या दुकानदाराला हा निकाल कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच.

इमारतींची मुदतही संपून गेली आहे. असलेल्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे जून २०२२ ला वेळ संपली. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, चंद्रचूड यांच्या सरन्यायाधीशपदाच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी, राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमांतला सुगमतेचा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा म्हणतो ‘केलंच पाहिजे’ आणि नियम नुसता सुचवत होता. तीन महिन्यांत बंधनकारक निकष करा, असा आदेश झाला. तेव्हा ‘साहेब, निधी आला की करू’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही.

निधीवरून आठवलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च तोंडावर आला की हजार-दोन हजार खात्यावर टाकून किंवा घरात आधीच असलेली वस्तू वाटून, फोटो काढून हा खर्च दाखवायची पद्धत अनेक गावांत आहे. मिळतं ते लोक घेतात, त्यांना दोष नाही. पण पंचायतीचा उतारही याच ५ टक्क्यांतून करू, असं कुणी म्हणालं तर हरकत घ्या. उतार हा इमारतीचा भाग आहे, जिन्यासारखा, दरवाजासारखा. जिन्याचा खर्च आपण पायाने धड असणाऱ्यांच्या निधीतून वेगळा काढत नाही. नव्या इमारतीला तर सुगमतेचे निकष पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, असं कलम ४४ स्पष्ट सांगतं.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगाचा आकडा सुमारे १६ टक्के सांगते. आपण सातपट धडधाकट आहोत असं कुणी समजू नये. विचारणारा घाईत होता, सांगणारा लाजत होता आणि प्रश्नात बसणारी उत्तरं थोडी होती. आता २०२७ ची जनगणना येतेय. घरातल्या कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीचं, न बोलणाऱ्या नातवाचं, फिट येणाऱ्या सुनेचं सांगायला संकोच करू नका. लग्नं मोडतील ही भीती मला कळते. पण न मोजलेल्या माणसासाठी कुणी काही बांधत नाही.

येत्या ग्रामसभेला एवढं करा. साध्या कागदावर अर्ज लिहा: पंचायत, शाळा, उपकेंद्र, रेशन दुकान आणि स्मशानभूमी या पाच ठिकाणी व्हीलचेअरवरचा माणूस एकटा जाऊ शकतो का, याची नोंद घ्यावी आणि जिथं जाऊ शकत नाही तिथली दुरुस्ती कधी होणार ते इतिवृत्तात लिहावं. अर्ज द्यायला तुम्ही स्वतः दिव्यांग असण्याची गरज नाही. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. कायदा मोडल्याचा दंड पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आहे, त्यानंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख.